कणगीतल्या तीन प्रती

वांगणी, ता. जव्हार
२६ जून २०२५

प्रिय सुदर्शनदादा,

हे पत्र आणि निळ्या रुमालातलं पुडकं मधूकाकाच्या हातून तुला मिळेल. तो लेकीकडे ठाण्याला चालला आहे. पुडक्याला मी सुतळीच्या चार गाठी मारल्या आहेत. आधी गाठी मोज. कमी भरल्या तर वाटेत कुणीतरी सोडलं असं समज आणि मला कळव.

तू म्हणशील, फोन करायचा. फोनसाठी जांभळीच्या माळावर चढावं लागतं, आणि तिथेही वारा फिरला की रेंज जाते. शिवाय बोललेलं उरत नाही. या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. तूही कागदावरच उत्तर दे.

आमच्या पाड्यावरच्या चौदा घरांचे वनजमिनीचे दावे फेटाळले गेले, हे तुला आईनं सांगितलं असेल. आम्ही अपील केलं आहे. १८ ऑगस्टला जव्हारला सुनावणी आहे. २००५ सालाच्या आधीपासून आम्ही ही जमीन कसतो, एवढं दाखवायचं आहे. त्यासाठी गावच्या जुन्या माणसाचा जबाब चालतो. तो जबाब नवसूआजानं २०१८ साली दिला होता. समितीत लिहिणारा मीच, म्हणून मीच लिहून घेतला, जव्हारच्या टायपिंग सेंटरात मीच टाईप केला. खाली आजाचा अंगठा आणि मधूकाका व प्रमिलाकाकूची सही साक्षीदार म्हणून. नवसूआजा २०२१ साली गेला. आता पुन्हा विचारायला माणूस नाही.

आता जे लिहितो ते कुणाला सांगू नकोस. दावे भरले तेव्हा मी तो जबाब जोडलाच नाही. अस्सल कागद कुठेतरी गहाळ होईल या भीतीनं घरी ठेवला आणि अर्जावर ‘मागितल्यास सादर करू’ असं लिहिलं. कुणी मागितला नाही. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड मेणबत्तीनं चिकटवून पेटीत ठेवला होता. परवा पिशवी फोडली. आत घाम सुटून सगळे कागद एकमेकांना चिकटले आहेत, काळ्या बुरशीची वडी झाली आहे. उलगडायला गेलो तर चिखल हाताला आला. अक्षर कुठे, अंगठा कुठे, काही कळत नाही.

पण तीन प्रती होत्या. तूच सांगितलं होतंस, तीन ठेव म्हणून. एक सीडीवर, एक पेनड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर. सीडीचा चकचकीत थर कांद्याच्या सालीसारखा सुटतो आहे. पेनड्राइव्ह जव्हारला एका दुकानात लावून पाहिला, तर तो ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारू लागला. मी ‘नाही’ दाबलं. हार्ड डिस्क लावली तर आतून टक् टक् आवाज येतो, पाल चुकचुकते तसा. अकरा वेळा मोजला आणि वायर काढून घेतली.

तिन्ही वस्तू पुडक्यात आहेत, तुमच्या दुकानात मेलेल्या डिस्कमधूनही माहिती काढतात म्हणून. दादा, चौदा घरांचं सगळं त्या एका रुमालात बांधलं आहे. आईला अजून माहीत नाही.

तुझा,
रोहिदास

(कार्बन प्रत पेटीत ठेवली आहे. या वेळी पिशवीशिवाय.)

—

ठाणे
५ जुलै २०२५

रोहिदासगुरुजी,

गाठी चारच होत्या, पण सुटेनात, शेवटी कात्रीनं कापल्या. आमच्या दुकानाचा शेट लांब उभा राहून बघत होता. म्हणाला, “क्या है, बम है?”

मी पेन धरून सहा वर्षं झाली असतील. दुकानात सही सुद्धा स्क्रीनवर बोटानं करतो. तेव्हा माझ्या चुका लाल शाईनं मार्क करून परत पाठवू नकोस. तू पाठवशील, मला माहीत आहे.

आता मला एक सांग. डिस्कच्या खाचेत नागली कशी आली? चिमट्यानं सतरा दाणे काढले. शेट म्हणतो, “डेटा नहीं निकला तो रोटी बना ले.” हसू नको. ठेवली कुठे होतीस?

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. एकदा कॉम्प्युटरमध्ये गेलं की ते दगडावर कोरल्यासारखं, असं तुला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. रोज दुकानात कुणीतरी येऊन रडतं. पेनड्राइव्हमध्ये विजेचा अगदी बारीक साठा असतो, त्यावर तुझं अक्षर उभं असतं. वर्षानुवर्षं लावलाच नाही तर तो साठा झिरपतो. सीडीवर रंगाचा थर असतो, तो ओलीनं मरतो, आणि तुमच्याकडची ओल म्हणजे काय विचारता. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारं यंत्र. तीन-पाच वर्षं चालली तर चांगली, पुढे तिची मर्जी. कुणी गॅरंटी देत नाही. गॅरंटी देतात ती डिस्क बदलून द्यायची, आतलं परत द्यायची नाही.

म्हणून मी तीन प्रती सांगितल्या होत्या. पण तीन ठिकाणी! आणि वर्षातून एकदा उघडून बघायच्या! एवढं वाक्य तू ऐकलंस की नाही?

डिस्कचं काम मी स्वतः करतो आहे, शेटच्या हाताखालच्या पोरांना देत नाही. होईल काहीतरी. मावशीला म्हणावं सुदर्शन बघतोय.

सुदर्शन

—

वांगणी
११ जुलै २०२५

प्रिय सुदर्शनदादा,

तुझं पत्र काल जिवा पोस्टमननं दिलं. चुका चारच होत्या. परत पाठवत नाही.

तिन्ही प्रती नागलीच्या कणगीत ठेवल्या होत्या. आमच्या घरात पावसाळ्यात कोरडी जागा तेवढी एकच. आई बियाणं तिथेच ठेवते, दोन-दोन वर्षं किडा लागत नाही. बियाणं टिकतं तर डिस्कही टिकेल असं मला वाटलं. तिन्ही एकत्र ठेवल्या म्हणजे त्यातली एक चुकूनही इकडेतिकडे होणार नाही, हाही विचार केला होता. वर्षातून एकदा उघडायचं तू सांगितलं होतंस, ते मी ऐकलं होतं. पण उघडताना काही बिघडलं तर, म्हणून उघडलं नाही.

हे वाचून तू कपाळाला हात लावशील. मी आधीच लावला आहे.

आईला सांगावं लागलं. तुझ्या पत्रात नागलीचं वाचताना तिला हसू आलं, मग तिनं विचारलं, “दाणे जाऊ दे. कागद गावला का?” मी म्हणालो, दादा बघतोय. ती भाताच्या आवणीला निघून गेली.

आता सगळ्यात वाईट. नवसूआजाची बायको, काळीआजी, रोज दळण घेऊन आमच्या ओट्यावरून जाते आणि रोज एकच विचारते, “कागुद बरा हाय ना रं?” जणू कागद आजारी माणूस आहे. मी रोज म्हणतो, “बरा आहे.”  पाड्यावरची माणसं मला लिहिणारा म्हणतात. मी अकरावीत शाळा सोडली, पण एक वेलांटी चुकू देत नाही, म्हणून त्यांनी विश्वासानं माझ्याकडे दिलं. शिकलेल्या माणसाकडे दिलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी कार्यालयात दिलं असतं आणि निवांत झोपला असता.

तू ‘होईल काहीतरी’ लिहिलं आहेस. काहीतरी म्हणजे काय? नक्की शब्द लिही. ‘होईल’ की ‘होणार नाही’.

तुझा,
रोहिदास

—

ठाणे
२१ जुलै २०२५

रोहिदास,

नक्की शब्द मागतोस म्हणून सरळ लिहितो. सीडी गेली. पेनड्राइव्ह गेला. डिस्कचं डोकं चालत होतं तोवर जेवढं ओढता आलं तेवढं आमच्या दुकानातल्या मशीनवर ओढलं. परवापासून डिस्क फिरतच नाही. म्हणजे आता जे आहे ते आमच्या मशीनवर, बाकी कुठेही नाही.

दोनशेच्या वर फायली निघाल्या, पण सगळ्यांची नावं पुसली गेलीत, नुसते आकडे आलेत. एकेक उघडून बघितली. लग्नाचे फोटो अर्धे अर्धे, कुणाचं रेशनकार्ड, तुझा नववीचा दाखला. मराठीतलं लिखाण एकही नाही. जबाबाएवढी म्हणावी अशी एकच फाईल आहे, साडेतीन पानांची, पण ती उघडली की नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, त्याला ना अर्थ ना काही. मी शेटला दाखवली. तो म्हणाला, “मरी हुई डिस्क ऐसे ही बड़बड़ाती है।”

तुझी खात्री पटावी म्हणून पहिली ओळ जशीच्या तशी उतरवून देतो:

eh uolw cksyrks

सगळी पानं अशीच. मला वाईट वाटतं रे. मी खरंच सगळं करून बघितलं.

एक ध्यानात ठेव. महिन्याच्या शेवटी शेट मशीन साफ करतो. गिऱ्हाइकाचं काहीही ठेवायचं नाही, असा त्याचा नियम आहे. ३१ तारखेला हे सगळं जाईल. त्यातले फोटो वगैरे हवे असतील तर त्याआधी सांग.

अपिलासाठी दुसरा काही पुरावा शोधा. मावशीला नमस्कार.

सुदर्शन

—

वांगणी
२८ जुलै २०२५, दुपार

दादा,

काही पुसू नकोस. तो कचरा नाही. तो नवसूआजा आहे.

तुझं पत्र आज आलं. ती ओळ वाचली आणि बाकीचं लगेच वाचवेना. मी ओट्यावर बसलो, मांडीवर पाट घेतला आणि डोळे मिटून ती अक्षरं पाटावर बोटांनी दाबत गेलो. आई म्हणाली, “बोटा काय नाचवतंस रं?” टायपिंग सेंटरात बळवंतसरांनी आमच्याकडून सहा महिने हेच घोटून घेतलं होतं. ई वर म, एच वर दुसरी वेलांटी. मी. यू वर न, ओ वर व, एल वर स, डब्ल्यू वर दुसरा उकार. नवसू. ‘मी नवसू बोलतो.’ दादा, तो बोलतो आहे!

आता नीट सांगतो. तेव्हा आमच्या सेंटरात जुना मराठी फॉन्ट होता. त्यात मशीन मराठी साठवतच नसे. मी जी इंग्रजी बटणं दाबली तीच ती साठवायची, आणि फॉन्ट त्यांना वरून मराठी रूप द्यायचा. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवला की आपला रोजचा शेजारी देव होतो, तसं. तुझ्याकडे मुखवटा उतरून नुसता माणूस आला, म्हणून तुला ओळखू आला नाही. हे मला आधीच आठवायला हवं होतं. सात वर्षांत मी ते विसरलो, ही माझी चूक.

२८ जुलै, संध्याकाळ

पत्र पोचायला आठ दिवस लागतील, ३१ तारीख तीन दिवसांवर, म्हणून माळावर चढलो. पाऊस तिरका लागत होता. तू फोन उचललास. मी ओरडून विचारलं, “दादा, ती कचऱ्याची फाईल आहे ना?” तू म्हणालास, “अरे, ते मी कालच पुसलं—” आणि रेंज गेली.

मी तासभर तिथे उभा होतो. पुन्हा लागला नाही. 

कालच पुसलं. ३१ च्या आधीच.

३१ जुलै

टॉवर बंद आहे. ओढ्यावरची मोरी परवा वाहून गेली, जीप नाही, टपाल नाही. हे पत्र माझ्याकडेच आहे. जव्हारला जाता आलं असतं तर गेलो असतो. पाणी छातीएवढं आहे. काळीआजीनं आज विचारलं, “कागुद बरा हाय ना?” मी घरात निघून गेलो.

२ ऑगस्ट

दादा, मी एक गोष्ट केली आहे. तुला नाही सांगितली तर ती माझ्याच पोटात राहील.

मी जबाब आठवून लिहून काढला. चार पानं, नवसूआजाच्या नावानं. तारीख २०१८ ची घातली. मधूकाका ठाण्याहून परत आला आहे, त्यानं सही केली. प्रमिलाकाकूनं न वाचता केली. म्हणाली, “तू लिहिलंस म्हंजे बरोबरच असंल.” अंगठ्याची जागा रिकामी ठेवली आहे.  तिथे काय करायचं, याचा विचार माझ्या डोक्यात येतो आहे आणि मी तो लिहिणार नाही.

रोहिदास

—

ठाणे
२९ जुलै २०२५

रोहिदासगुरुजी,

काल फोन कट झाला. नंतर तुझा नंबर बावीस वेळा लावला. कुठे असतोस?

वाक्य अर्धंच राहिलं म्हणून हे लिहितो. मी सांगत होतो की ते मी कालच पुसलं शेटला, की बाबा, ही एक फाईल ३१ नंतर पण ठेवू का? भावाला एकदा बघू दे. शेट म्हणाला, “कचरा रखके क्या करेगा?” पण मग हो म्हणाला. मग काल फोनवर तुझ्या आवाजावरून मला वाटलं तुला त्यात काहीतरी दिसलंय. काय दिसलं देव जाणे. पण तू उगाच ओरडणाऱ्यातला नाहीस.

त्या फाईलचा प्रिंट काढून सोबत पाठवतो. साडेतीन पानं आहेत, चिकटवलेली नाहीत. एक प्रत माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, एक माझ्या ईमेलवर, एक हा कागद. तीन प्रती, तीन ठिकाणी. कणगीत ठेवलास तर याद राख.

आणि एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. ती फाईल पूर्ण नाही. शेवटी मध्येच तुटते. पहिल्या वेळी तेवढी आल्यावर शेट म्हणाला होता, डिस्कला आराम दे, थंड होऊ दे. मी ऐकलं नाही, लगेच पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली, आणि तिसऱ्या वेळी ती बसली ती बसलीच. थांबलो असतो तर कदाचित उरलेलं पण आलं असतं. कचराच आहे असं समजून मी स्वतःची समजूत घातली. आता तो कचरा नसेल तर मला झोप यायची नाही.

सुदर्शन

—

वांगणी
८ ऑगस्ट २०२५

प्रिय सुदर्शनदादा,

तुझं २९ तारखेचं पत्र परवा, ६ तारखेला मिळालं. मोरीवर लाकडं टाकून जिवा पोस्टमन चालत आला, पिशवी डोक्यावर घेऊन. माझं पत्र त्याच दिवशी त्याच्याकडे दिलं, म्हणजे ते तुला या पत्राच्या जरा आधी मिळेल. ते वाचून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे.

पुसलं! आपल्या घरी आई विचारणं म्हणत नाही, पुसणंच म्हणते. नवसूआजा तेच म्हणायचा. मीही लहानपणी तेच म्हणत होतो. शाळेत गुरुजींनी माझा तो शब्द खोडला, तेव्हापासून मी कधी लिहिला नाही, आणि माळावर माझ्या भावानं म्हटला तर मला त्यात फक्त फडकं दिसलं. नऊ दिवस मी मेल्यासारखा होतो, त्या एका शब्दामुळे.

ती साडेतीन पानं मी दोन दिवस पाटावर बोटांनी वाचली आणि वहीत मराठीत उतरवली. एकेक शब्द दोनदा तपासला. तेव्हा आजानं मला दम दिला होता, “मी बोलतो तसाच लिव. सुधरू नको.” मी घाबरून तसंच टाईप केलं होतं. त्याचे शब्द आहेत तसे आले आहेत. वाचताना खोकला तेवढा ऐकू येत नाही.

मग मी आठवून लिहिलेली चार पानं शेजारी ठेवली. ओळीला ओळ लावून पाहिली.

मी लिहिलं होतं, ‘विहीर बांधली तेव्हापासून आम्ही ही जमीन कसतो.’ मला तसंच आठवत होतं, शपथेवर सांगितलं असतं. आजाचं वाक्य आहे, ‘हिर बांधली तवा आमची भाताची तिसरी पिढी उभी होती.’ मी तसाच विहिरीवर गेलो. कठड्यावर फरशी आहे, शेवाळ खरवडलं. २००७. माझा कागद साहेबांपुढे गेला असता, तर आम्हीच लिहून दिलं असतं की आम्ही २००७ पासून, म्हणजे २००५ नंतर कसतो. चौदा घरं माझ्या सुवाच्य अक्षरात बुडाली असती, आणि खाली साक्षीदार म्हणून न वाचणारी प्रमिलाकाकू.

ती चार पानं मी तिच्यासमोर चुलीत घातली. का ते सांगितलं. ती म्हणाली, “आता मला वाचून दाखवल्याबिगर सही मागू नको.” मग वहीतलं सगळं वाचून दाखवलं, आणि तिनं नवी सही केली. मधूकाकानंही. वर मी स्पष्ट लिहिलं आहे: मूळ जबाब नष्ट झाला, ही त्याची उतरवून काढलेली नक्कल, शेवटचा भाग मिळाला नाही.

तुटलं आहे ते नेमकं मोक्याच्या जागी. शेवटची ओळ अशी आहे: ‘गार्डसाहेबानं मला पुसलं, ही जमीन कोनाची? तवा काळी बांधावर होती. तिनं’

एवढंच. ‘तिनं’ च्या पुढे पांढरं. तिनं काय केलं ते मला आठवत नाही. आठवल्यासारखं वाटतं, म्हणून जास्तच भीती वाटते. आता मी काही आठवून लिहिणार नाही.

तू झोप. डिस्क तू मारली नाहीस. ती कणगीतच मेली होती.

तुझा,
रोहिदास

—

ठाणे
१३ ऑगस्ट २०२५

रोहिदास,

दोन्ही पत्रं मिळाली. अंगठ्याच्या जागेबद्दल मी काही बोलत नाही. मीही शेटला सांगितलेलं नाही की डिस्क कुणी मारली.

१८ ला सुट्टी मागितली, मिळाली नाही. मूळ फाईल पेनड्राइव्हवर घालून ईमेलच्या प्रिंटसकट तुझ्या नीतावहिनीच्या भावाबरोबर जव्हारला पाठवतो आहे. कुणी विचारलं तर दाखव. प्रिंटवर फाईल कधी टाईप झाली त्याची तारीख नाही, हे आधीच सांगतो. मला भीती त्याचीच वाटते.

सुदर्शन

—

वांगणी
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय सुदर्शनदादा,

काल सुनावणी झाली. घडलं तसं लिहितो. 

आम्ही चौदा घरांची माणसं दोन जीपमध्ये बसून गेलो. काळीआजी पण आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, “डोळ्याचं औषध घ्यायचा हाय, जीप जातेच हाय तर,” आणि चढून बसली. साहेब आमचे कागद वाचत होते तेव्हा ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

साहेबांनी वरची टीप वाचली आणि मला विचारलं, “मूळ कागद कसा नष्ट झाला?” मी खरं सांगितलं. मेणबत्ती, पिशवी, सगळं. ते म्हणाले, “फार जपलंत.” चेष्टा केली की काय, ते कळलं नाही. मग ते मोठ्यानं वाचू लागले. विहिरीच्या ओळीवर थांबले, फाईल उलटली, काहीतरी पाहिलं, टिपून घेतलं. माझ्या कानात टक् टक् व्हायला लागलं, त्या डिस्कसारखं.

शेवटच्या ओळीला म्हणाले, “गार्डसाहेबानं मला पुसलं? काय पुसलं?”

मी म्हणालो, “विचारलं, साहेब. आमच्याकडे विचारण्याला पुसणं म्हणतात.”

“बरं. ‘तवा काळी बांधावर होती. तिनं…’ पुढे काय? तिनं काय?”

मी म्हणालो, “पुढचं गेलं, साहेब. मला आठवत नाही.”

“अंदाजे सांगा ना. तुम्हीच लिहून घेतलं होतं.”

दादा, सगळे माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. मी म्हणालो, “अंदाजे नको, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला. “ही काळी म्हणजे कोण?”

“त्यांची बायको.”

“हयात आहे?”

आम्ही सगळे वळून दाराकडे बघायला लागलो, जणू ती आज पहिल्यांदाच तिथे उगवली. रोज दळण घेऊन माझ्या ओट्यावरून जाणारी. रोज मला कागदाची तब्येत विचारणारी. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की पुन्हा विचारायला माणूस नाही. त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे, मी आज काढून पाहिली. तसंच लिहिलं आहे.

साहेब म्हणाले, “आजी, तुम्हाला हे माहीत आहे?”

ती भिंतीला हात लावून उठली. म्हणाली, “मी तर बांधावरच व्हती. गार्डानं इळा हिसकला, मी त्याच्या हातातना परत घेतला. त्याला बोलली, माझी सासू ह्याच इळ्यानं ह्याच वावरात कापत व्हती.” मग साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, “मला कुनी पुसलाच नाय.”

रागानं नाही बोलली. दळणाचा भाव सांगावा तसं बोलली.

साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि लिहायला घेतलं. तासभर चाललं. निकाल नंतर कळवू म्हणाले. काय होईल ते मला माहीत नाही, आणि मी ‘होईल काहीतरी’ असं लिहिणार नाही. भीती आहे तेवढीच आहे. फक्त आता ती वेगळ्या गोष्टीची आहे. परतताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी तिचा दंड धरत होतो. तिचं वय कुणालाच नक्की माहीत नाही.

आज सकाळी वही घेऊन तिच्या घरी गेलो. ती निवडत बसली होती. मी दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा म्हणालो, “आजी, तुला पुसायचं होतं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. “पुस,” म्हणाली. “पन सगळा पुस. अर्धा नको.”

सात पानं झाली आहेत. उद्या पुन्हा जाणार. तिनं म्हटलं तसंच लिहितो आहे, एकही शब्द सुधारत नाही.

तुझा,
रोहिदास

(त्या सात पानांच्या नकला: एक या पाकिटात, एक प्रमिलाकाकूकडे, तिनं आधी माझ्याकडून वाचून घेतली. एक काळीआजीकडे. तिला वाचता येत नाही, पण वाघबारशीला सगळा पाडा जमतो, तेव्हा ती सगळ्यांसमोर वाचायला लावणार आहे. कुठे चुकलं तर ती तिथल्या तिथे सांगेल.)